कुकरचं वर्ष

मिठागरांत पांढरे ढीग दिसायला लागले की माझा उजवा हात खाजतो. भाईंदर पूर्वेला आमची खिडकी नेमकी त्या बाजूला उघडते. डॉक्टर मॅडम म्हणतात, असं होणारच नाही, तिथल्या नसा मेल्यात. मेल्या असतील बुवा. पण मार्च आलाय हे त्या मेलेल्या नसांना कुणीतरी सांगतं खरं. मी खिडकीत चहा घेऊन उभा असतो, डाव्या हातात कप, आणि उजवा हात भिंतीवर घासत राहतो. बायको, संगीता, आतून ओरडते, "अहो, रंग निघतोय भिंतीचा!"

लोकांकडे ऋतू असतात. कुणाच्या दारात आंबा मोहरतो, कुणाच्या घरी पोरांच्या परीक्षा येतात. आमच्याकडे मार्च एंड येतो. तो पालवीसारखा येत नाही, पाहुण्यासारखाही येत नाही. तो वसुलीवाल्यासारखा दारात उभा राहतो आणि घरातली माणसं मोजतो. एकदा त्याने मला मोजलं. ते वर्ष आमच्या घरात कुकरचं वर्ष म्हणून ओळखलं जातं.

ते का, हे सांगायला आधी कंपनी सांगायला हवी. आमची कंपनी विष सांभाळते. दुसऱ्यांच्या कारखान्यातलं आम्ल, रंगाचा गाळ, मुदत संपलेली औषधं, जे कुणालाच दारात नको असतं ते पिंपं भरभरून आमच्याकडे येतं. काही आम्ही जाळतो. काही चुन्या-सिमेंटात कालवून मोठ्या खड्ड्यात पुरतो, खाली जाड प्लास्टिक, वर जाड प्लास्टिक, वर माती, मातीवर गवत. मग त्या गवतावर साहेब लोक झाडं लावतात आणि फोटो काढतात. काम वाईट नाही. कुणीतरी करायलाच हवं, आणि नीट केलं तर पुण्याचं आहे. पण दर वर्षी मांडव घालून निकाल सांगतात तेव्हा मला हसू आवरत नाही. पडद्यावर हिरवे खांब चढत जातात, एमडी साहेब म्हणतात, यंदा आपल्याकडे गेल्या वर्षीपेक्षा जास्त माल आला, आणि सगळे टाळ्या वाजवतात. माल म्हणजे विष. घाण वाढली म्हणून पेढे वाटणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. पेढे मात्र चांगले असतात, ते खोटं नाही.

हिरव्या खांबांनंतर पडद्यावर एक भलं मोठं शून्य येतं. आम्ही त्याला झिरो म्हणतो. वर्षभरात कामावर एकही माणूस असा जखमी झाला नाही की त्याला घरी बसावं लागलं, याचं ते शून्य. फाटकावर त्याची पाटीही आहे, अपघाताशिवाय गेलेले दिवस रोज त्यावर वाढत जातात. झिरो राहिला की प्रत्येकाला भेट मिळते. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत, सगळ्यांना सारखी. आमच्या बायका वर्षं त्या भेटींवरून मोजतात. धाकटीचा जन्म बॅगेच्या वर्षी, सासूबाई गेल्या त्या मिक्सरच्या वर्षी. कॅलेंडर कशाला हवं?

आता त्या शून्याचं कसं असतं ते ऐका. माणूस भाजला, कापला, पडला, तरी शून्य मोडत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही तर मोडतं. आला, नुसता येऊन बसला, तरी हिशेबात तो धडधाकट. म्हणून आमच्याकडे जखमी माणसाला न्यायला सकाळी पांढरी गाडी येते. माझ्यासाठी आली तेव्हा सोसायटीतल्या लोकांना वाटलं, कदमांचं प्रमोशन झालं.

माझं काम पिंपांतून नमुना काढायचं. गाडी आली की झाकण उघडायचं, बाटलीत थोडं घ्यायचं, लॅबला पाठवायचं. त्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता एक पिंप आलं, वर लिहिलेलं एक आणि आत भलतंच. झाकण फिरवलं तसं ते फुसफुसलं आणि उसळलं. उजव्या हातमोज्याला शिवणीजवळ भोक होतं, ते मला माहीत नव्हतं, आम्लाला बरोबर सापडलं. मोजा ओढून काढला तेव्हा त्याच्याबरोबर तळव्याची कातडीही आली. मी ओरडलो नाही म्हणून मागाहून माझं कौतुक झालं. ओरडलो नाही कारण आवाजच फुटला नव्हता.

पाणी ओतलं, प्लांटच्या दवाखान्यात पट्टी बांधली, गोळी दिली, घरी सोडलं. संध्याकाळी संगीता मला नया नगरच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. भाजलेल्यांचं काम त्या चांगलं करतात असं आमच्या मजल्यावरच्या खानभाभीने सांगितलं होतं. मॅडमनी पट्टी सोडली, बघितलं, आणि माझ्याकडे न बघता संगीताला म्हणाल्या, "आज अ‍ॅडमिट करा. मांडीची कातडी काढून इथे लावावी लागेल. मग बोटं सरळ बांधून ठेवायची, रोज हलवायची. नाहीतर जखम भरताना बोटं आत ओढली जातील. एक बार मुठ बंद हुई ना, फिर खुलती नहीं."

संगीताने तिथेच पिशवीतून पर्स काढली. मी म्हटलं, "थांब, साहेबांना विचारतो."

बाहेर येऊन फोन लावला आणि घरी पोचेपर्यंत सेफ्टीचे पाटणकर आमच्या दारात. हातात फळांची टोपली, चिकटपट्टी लावून कागद गुंडाळलेली, वर लाल रिबीन. पाटणकर वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणूस असता तर मी त्याला जिन्यावरून ढकलला असता. त्याचे डोळे पाणावलेले होते. म्हणाला, "कदम, जिवावरचं हातावर निभावलं. आता अ‍ॅडमिट कशाला व्हायचं? आपला डॉक्टर रोज ड्रेसिंग करील. गाडी नेईल, गाडी आणील. तुम्ही फक्त बसायचं, एसीत. एप्रिल उजाडला की सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात जा, खर्च कंपनीचा."

संगीता म्हणाली, "आणि तोवर हात काय करेल? तो पण एप्रिलची वाट बघेल का?"

पाटणकर हसला. विनोद समजला त्याने.

तरीही मी गेलो नसतो. मी गेलो तो दिन्यामुळे. दिनेश म्हात्रे, पश्चिमेच्या गावातला, मिठागरात राबलेल्या बापाचा पोरगा, माझ्या शिफ्टचा जोडीदार. एकाने पिंप धरायचं, दुसऱ्याने उघडायचं, अशी वर्षं काढलेली आमची. रात्री तो घरी आला, पायरीवर बसला, बराच वेळ चपलेचा अंगठा चाळवत राहिला आणि मग म्हणाला, "कदम्या, बस ना. खुर्चीच तर हाय. पोरं सगली तुझ्याकडंच बघतान. यंदा कुकर हाय, पाच लिटरचा. बायकोनं जुना कवाच मोडीत घातला रं."

मी म्हटलं, "दिन्या, हात जाईल म्हणते ती बाई."

"डॉक्टर घाबरवतानच. हात कुठं जातोय, हाय तिथंच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी आली. पूनम सागरवरून अकाउंटच्या एका बाईंना घेऊन ती आधीच भरलेली होती, मला खिडकीची जागा दिली. काशिमीऱ्याला सिग्नलवर त्या बाईंनी माझ्या पट्टीकडे बघून विचारलं, "दुखतं का हो?" मी नाही म्हटलं. "मग बरं," म्हणाल्या आणि मोबाईलमध्ये शिरल्या.

ती खुर्ची ट्रेनिंग रूममध्ये होती. निळी, गोल फिरणारी, चाकांची. वर एसीची झडप, तिची हवा थेट मानेवर. ती फिरवता येत नव्हती, मी रोज सांगायचो, रोज कुणीतरी "बघतो" म्हणायचं. भिंतीवर हसऱ्या कामगारांची चित्रं, सगळ्यांचे हात नवेकोरे. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, निदान हात उंच तरी ठेवा, लोंबकळू देऊ नका. मी पाटणकरांना उशी मागितली. उशी मिळाली नाही. त्यांनी गोडाऊनमधून मागच्या वर्षांचे वार्षिक अहवाल आणले, जाडजूड, गुळगुळीत कागदाचे, उरलेले, आणि माझ्या बाजूच्या टेबलावर त्यांची चळत रचली. त्यावर मी हात ठेवायचो. सगळ्यात वरच्या अहवालावर एक मूल फुंकर मारून काहीतरी उडवत होतं, तेही हिरवं. त्याच्या तोंडावर माझ्या पट्टीतलं पाणी उतरायचं. आठवड्याला वरचा अहवाल बदलायचे. तेवढी स्वच्छता पाळली जायची.

दुपारी दिन्या यायचा. हे मला विसरता येत नाही आणि माफही करता येत नाही. डबा उघडायचा, तांदळाची भाकरी मोडायचा, सुक्या बोंबलाचं कालवण लावायचा आणि आपल्या हाताने मला भरवायचा. घास मोठा झाला तर अर्धा करायचा. तोंड पुसायचा. मला जन्मात कुणी इतक्या मायेने भरवलं नसेल. आणि शेवटचा घास दिला की रोज विचारायचा, "उद्या येशील ना रं?"

बाकीचीही पोरं यायची. कुणी बिडी ओढून येताना डोकवायचं, कुणी खांद्यावर थोपटायचं, "दादा, जमवलंत!" म्हणायचं. एकाने सांगितलं, कुकर लाल रंगात मिळणार की स्टीलचा याच्यावरून पॅकिंगच्या बायकांत भांडण झालंय. ऑफिसातला एक चुणचुणीत मुलगा मला समजावून गेला की आता बँकासुद्धा हे शून्य बघतात, ते टिकलं तर कंपनीच्या कर्जाचं व्याज थोडं उतरतं. म्हणजे, तो म्हणाला, तुम्ही नुसते बसलेले नाही आहात, काका, तुम्ही कमावताय. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. मी पट्टीच्या आत बोटं हलवून बघितली. करंगळी हलली नाही.

खिडकीच्या काचेतून गवताची टेकडी दिसायची, पुरलेल्या विषावरची. माळी पाइपने पाणी घालायचा. मार्चच्या उन्हात ते गवत इतकं हिरवं असायचं की डोळ्यांना बरं वाटायचं. मला त्या गवताचाही राग यायचा. खाली काय आहे ते मीच नमुना काढून पाठवलेलं, आणि वर हे डोलतंय.

एप्रिल उजाडला. मी पाटणकरांना म्हटलं, जातो आता. ते म्हणाले, "कदम, एवढं केलंत, आता अहवालाचे तपासणीवाले येतायत, ते हजेरी बघतात, लोकांना भेटतात. ते गेले की लगेच." तपासणीवाले आले. गोरीगोमटी मुलं, पाठीवर बॅगा. एकाने मला विचारलं, इथे सुरक्षित वाटतं का? पाटणकर माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, वाटतं. त्याने ते टॅबवर टिपलं आणि मला थँक यू म्हणाला.

मॅडमकडे गेलो तेव्हा बाहेर मीठ भरून ट्रक जायला लागले होते. त्यांनी पट्टी सोडली. हात मिटलेला होता. अंगठा बाजूला पडलेला, आणि चार बोटं आत, काहीतरी घट्ट धरल्यासारखी. धरलेलं काहीच नव्हतं. त्यांनी एक बोट हळूच उघडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आप लोग भी कमाल करते हो," एवढंच म्हणाल्या. पुढे ऑपरेशन झालं, मोठ्या हॉस्पिटलात झालं, खर्च कंपनीने केला. पाटणकर शब्दाचे पक्के. बोटं तांदूळभर सुटली.

मग कुकर आला. स्टीलचाच, वर हिरवं पान छापलेल्या खोक्यात, एमडी साहेबांच्या सहीच्या कार्डासकट. मी म्हटलं, फेकून दे. संगीता माझ्यावर अशी उखडली की शेजारी दार उघडून बाहेर आले. "फेकू? हात दिलात त्याला, आणि फेकू? रोज शिजवणार यात. रोज! तुम्ही बघायचं!" आणि खरंच, तेव्हापासून डाळ-भात, बटाटे, सगळं त्याच कुकरात. त्याचं झाकण आत घालून फिरवून बसवावं लागतं, त्याला दोन धड हात लागतात. ती माहेरी गेली होती तेव्हा मी एकट्याने बसवून बघितलं. डाव्या हाताने झाकण धरलं, उजव्याने कुकर दाबून ठेवायला गेलो, तो ओट्यावरून घरंगळला आणि पाणी-तांदूळ सगळीकडे. त्या दिवशी मी कच्चे पोहे खाल्ले आणि फार घाणेरड्या शिव्या दिल्या. कुकरला, दिन्याला, स्वतःलाही.

नोकरी राहिली. मला काढलं असतं तर का काढलं ते कुठेतरी लिहावं लागलं असतं. मला फाटकाजवळच्या खोलीत बसवलं. बाहेरून कुणी आलं की त्यांना सुरक्षेची फिल्म दाखवायची, हे माझं काम. फिल्मचं नाव आहे, हात सांभाळा. मी डाव्या हाताने बटण दाबतो. पाटणकरांनी पहिल्याच दिवशी, अगदी हळू आवाजात, सांगून ठेवलं, "उजवा टेबलाखाली ठेवत जा कदम, व्हिजिटर घाबरतात."

अशी वर्षं गेली. घड्याळाचं वर्ष, मग चादरींचं. दिन्या आणि मी बोलायचो, नाही असं नाही. पण हात या विषयावर त्याने कधी तोंड उघडलं नाही. कसा आहे एवढंही विचारलं नाही. माझ्यासमोर तो नेहमी माझ्या डाव्या बाजूला उभा राहायचा.

आणि यंदा, मीठ पांढरं व्हायला लागलं तेव्हा, दिन्याच्या गमबुटात चुन्याचा गरम काला शिरला.

दुसऱ्या कुणी बूट काढून फेकला असता. दिन्या तसाच काम करत राहिला. कारण लहानपणापासून बापाबरोबर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याचे पाय पोळलेले, चिरलेले, निबर झालेले. पाय चरचरला की तो म्हणतो, मीठ हाय, जाईल. "आमचे पाय मिठात मुरलेले," ही त्याची नेहमीची फुशारकी. त्यात त्याला साखर, त्यामुळे पायाची जाणीव आधीच गेलेली. शिफ्ट संपल्यावर बूट काढला तेव्हा मोजा निघेना. मोजा कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून दिन्या उतरला. तीच निळी खुर्ची, तीच झडप. पाय ठेवायला अहवालांची चळत. यंदा एअर फ्रायर आहे अशी बातमी होती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आतून, पोटातून बरं वाटलं. मी त्याला चहा नेऊन दिला. तो म्हणाला, "हवा मानेवर येते रं इथं." मी म्हटलं, "येते." मग तो म्हणाला, "काय करू कदम्या? पोरगी बोलते दवाखान्यात चला. पण तुला मीच बसवला ना. आता माझी पाळी आल्यावर मी उठलो तर पोरं थुकतीन माझ्यावर."

कित्येक वर्षं हे शब्द मी तोंडात धरून ठेवले होते, त्याच्याच बोलीत. म्हटलं, "बस ना दिन्या. खुर्चीच तर हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मान हलवली आणि कप खाली ठेवला. मी रोज जायचो, रोज चहा न्यायचो, आणि निघताना विचारायचो, "उद्या येशील ना?" तो रोज म्हणायचा, येईन. माझ्याइतका गोड माणूस त्या दिवसांत प्लांटमध्ये नसेल.

मग एका सकाळी त्या खोलीत वास यायला लागला. आमच्या धंद्यातल्या माणसाला वासाचं काय! पण हा पिंपातला वास नव्हता. हा माणसाचा होता. दिन्याला तो येत नव्हता किंवा तो तसं दाखवत होता. त्याच दिवशी पैसे गुंतवणारे साहेब लोक प्लांट बघायला यायचे होते. पाटणकर लगबगीने आले, हातात गुलाबाच्या वासाचा फवारा. खोलीत मारला, दिन्याच्या पट्टीवर मारला, खुर्चीभोवती मारला. "सॉरी हां म्हात्रे," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कदम, फिल्म लावून ठेवा. आणि हात..."

दिन्या मान खाली घालून बसला होता. गुलाबाचे थेंब त्याच्या गुडघ्यावर चमकत होते. काचेतून फाटकावरची पाटी दिसत होती, अपघाताशिवायचे दिवस, नुकती पुसून लख्ख केलेली. मला तेव्हा त्याचा पाय दिसला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला फक्त ती पाटी दिसली.

मी खुर्चीच्या मागे गेलो. डाव्या हाताने पाठ धरली, आणि उजवा, तो मिटलेला, आकड्यासारखा, वरच्या दांडीत अडकवला. इतकी वर्षं त्या हाताला कुठलंच काम जमलं नव्हतं, हे जमलं. ढकलली खुर्ची. अहवालांची चळत कोसळली, दिन्या ओरडला, "अरं काय करतंस? कदम्या!" दारातून बाहेर, सिमेंटच्या रस्त्यावरून, खडखड खडखड. चाकं कुठेकुठे वळायची, मी रेटायचो. शेडमधली पोरं बाहेर आली. कुणीतरी बोंबललं, "अरे धरा त्याला, एअर फ्रायर चालला!" लोक हसले. मग हसायचे थांबले. पाटणकर टाय उडवत धावत आले, "कदम, मार्च संपू द्या हो! थोडेच दिवस राहिलेत! कदम!"

समोरून साहेब लोकांच्या गाड्या येत होत्या. त्यांनी रस्ता दिला. एका बाईंनी काच खाली केली आणि गुलाबाचा वास घेऊन पुन्हा वर केली.

फाटकाबाहेर माल उतरवून रिकामा झालेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं. "क्या हुआ चाचा?" मी पट्टी दाखवली. त्याने नाक धरलं आणि दार उघडलं. "बिठाओ, बिठाओ. कुर्सी भी लेनी है क्या?" खुर्ची नको म्हटलं. आम्ही दोघांनी दिन्याला केबिनमध्ये चढवला. दिन्या मला शिव्या देत होता, माझ्या आईपासून सुरुवात करून. खुर्ची उन्हात तशीच राहिली.

नया नगरला मॅडमनी पाय बघितला. बोटं काढावी लागली, सगळी नाही. पाय वाचला. मॅडम म्हणाल्या, थोडं आधी आणला असता तर बोटंही राहिली असती. थोडं आधी मी त्याला चहा पाजत होतो.

पाटी पुसली गेली आणि त्यावर दिवस पुन्हा पहिल्यापासून लागायला लागले. प्लांटमध्ये माझ्याशी कुणी बोलेना. माझा डबा मी एकटा खातो. पॅकिंगच्या एका बाईने तोंडावर सांगितलं, "कदमला दुसऱ्याचं बघवत नाही, स्वतःचा गेला ना हात." संगीताला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय चूक बोलली?" आणि ताटात आणखी भात वाढला. आता अहवाल छापून आलाय. मी सुरक्षेचं पान शोधलं. म्हटलं, शून्याच्या जागी एक बघू, डोळे भरून बघू. ते पानच नाही यंदा. त्या जागी दोन मोठी पानं आहेत आणि गवताच्या टेकडीवर आलेली फुलपाखरं. फार सुंदर फोटो आहेत. नफा वाढलाय, मालही वाढलाय.

म्हणजे जे मोडायला गेलो तेही त्यांनी मोडू दिलं नाही. राहिला तो एक पाय, आणि तो मी वाचवायला गेलोच नव्हतो.

हे शेवटचं मी दिन्याला अहवाल यायच्या कितीतरी आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा तो अजून वॉर्डातच होता. मी रोज डबा न्यायचो, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, खायचा नाही, बोलायचा नाही. त्या दिवशी मी डबा उघडला. कुकरातली खिचडी होती. दिन्या भिंतीशीच बोलला, "का नेलास मना तिथून? यंदा पोरीच्या घरात द्यायचा होता तो एअर फ्रायर."

"झिरो मोडायला," मी म्हटलं.

तो वळला. "माझ्यासाठी न्हाय?"

"नाही."

"खरं सांग."

"आईशप्पथ. तुझ्यासाठी नाही."

दिन्याने श्वास सोडला. उठून बसला, उशीला टेकला. "मग बरं झालं," म्हणाला. "न्हायतर तुझे उपकार जन्मभर वागवायला लागले असते. आधीच एक वागवतोय."

त्याने डबा ओढून घेतला. मग माझा उजवा हात धरला, पहिल्यांदाच, आणि उलटसुलट करून बघितला. बोटांच्या फटीत त्याने आपलं बोट घालून बघितलं, आत काय आहे ते बघावं तसं.

"दुखतं का रं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मार्चमध्ये खाजतो."

"माझा पन खाजील आता," दिन्या म्हणाला आणि खिचडी खायला लागला.